पहिली प्रवेशिका पाठवताना : पुणे जिल्ह्यातल्या नव्या बातमीदारांसाठी

पत्रकारितेच्या पुरस्कारांची जाहिरात निघते, ती कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते आणि तालुक्याचा वार्ताहर ती न उघडताच पुढे जातो. ‘हे मुंबईवाल्यांचं, मोठ्या दैनिकांचं,’ असं त्यानं मनाशी ठरवून टाकलेलं असतं. शहरात पहिली नोकरी करणाऱ्या मुलामुलींचंही तेच. रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून वर्ष झालेलं असतं, महापालिका किंवा गुन्हे असं एखादं बीट, म्हणजे बातम्यांसाठी नेमून दिलेलं क्षेत्र, हातात असतं, काम चांगलं चाललेलं असतं, पण आपण केलेलं कुणासमोर परीक्षेला ठेवण्याजोगं आहे असं वाटत नाही.

ते ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. स्थानिक बातमीदाराला पगार कमी, मानधन त्याहून कमी आणि दबाव सगळ्यात जवळचा असतो, कारण ज्यांच्याविरुद्ध लिहायचं ते त्याच गल्लीत राहतात. अशा माणसाच्या कामावर जाणकारांनी मोहोर उमटवली की पुढच्या बातमीच्या वेळी त्याच्या पाठीशी थोडं बळ उभं राहतं. पण प्रवेशिका, म्हणजे पुरस्कारासाठी पाठवायचा आपल्या कामाचा संच, अर्ज भरण्याच्या आठवड्यात तयार होत नाही. बातमी करताना, कागद जपताना, पाठपुरावा करताना ती वर्षभर तयार होत असते. त्यामुळे पुढे अर्जापेक्षा कामाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी पुरस्कार ओळखा

सुरुवात राज्य शासनापासून करा. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रसिद्ध झालेलं काम त्यासाठी धरतात. राज्यस्तरावर भाषा आणि माध्यमांप्रमाणे गट आहेत. मराठीसाठी बाळशास्त्री जांभेकर, हिंदीसाठी बाबूराव विष्णू पराडकर, इंग्रजीसाठी अनंत गोपाळ शेवडे, उर्दूसाठी मौलाना अबुल कलाम आझाद, दूरचित्रवाणीसाठी पु. ल. देशपांडे आणि वृत्तछायाचित्रासाठी तोलाराम कुकरेजा यांच्या नावाचा पुरस्कार आहे. समाजमाध्यमांचाही गट आता आहे. काही गट फक्त शासकीय अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी असतात, तिकडे वेळ घालवू नका.

नव्या माणसानं खरं लक्ष द्यायचं ते विभागीय पुरस्कारांकडे. पुणे विभागाचा पुरस्कार नानासाहेब परुळेकरांच्या नावानं दिला जातो, आणि हे नाव इथल्या बातमीदाराला माहीत असायलाच हवं. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. ‘ज्ञानप्रकाश’ इथे १८४९पासून निघत होता, ‘केसरी’ १८८१पासून. विचार आणि मतं यांची पुण्याला कधीच कमतरता नव्हती. परुळेकरांनी त्या शेजारी बाजारभाव, नळाचं पाणी, गावची यात्रा आणि गावोगावचे वार्ताहर आणून बसवले. स्थानिक बातमीला पहिल्या पानाचा मान मिळण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

विभागीय पुरस्कारांच्या नावांवरून मात्र अंदाज बांधू नका. आचार्य अत्रे सासवडचे, म्हणून पुरंदरच्या वार्ताहरानं त्यांच्या नावाच्या पुरस्काराला अर्ज करायचा, असं नाही. तो मुंबई विभागाचा आहे. शिवरामपंत परांजप्यांनी ‘काळ’ चालवला पुण्यातून, पण त्यांचा जन्म महाडचा आणि पुरस्कार कोकण विभागाचा. कोल्हापूरसाठी ग. गो. जाधव, नाशिकसाठी दादासाहेब पोतनीस, नागपूरसाठी ग. त्र्यं. माडखोलकर, अमरावतीसाठी लोकनायक बापूजी अणे यांच्या नावांचे पुरस्कार आहेत. शिवाय महसुली विभाग डोक्यात ठेवून अर्ज भरू नका. महसूल खात्याच्या लेखी कोल्हापूर जिल्हा पुणे विभागात येतो, पण माहिती खात्यात कोल्हापूरचा स्वतंत्र विभाग आहे आणि पुरस्कारही स्वतंत्र. पुणे जिल्ह्यातल्यांना अडचण नाही. शेजारच्या जिल्ह्यात काम करत असाल तर जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन विचारा. तसंही त्या कार्यालयात एकदा जाऊन यावंच. अर्जाचा नमुना, किती प्रती, कुठे द्यायच्या, हे तिथे नीट कळतं. जाहिरात निघण्याची वेळ दर वर्षी सारखी नसते आणि मुदतवाढीच्या भरवशावर राहणं बरं नव्हे.

शहरातलं दुसरं ठिकाण म्हणजे नवी पेठेत गांजवे चौकातलं पत्रकार भवन. पुणे श्रमिक पत्रकार संघाचे स्वतःचे वार्षिक पुरस्कार असतात. वरुणराज भिडे यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मित्रमंडळींतर्फेही पत्रकारांना पुरस्कार दिले जातात. पहिल्या प्रवेशिकेसाठी शहरातलेच पुरस्कार उत्तम. परीक्षकांना इथलं राजकारण, इथल्या पेठा, इथली खाती ठाऊक असतात. तुम्ही काय मिळवलंत हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

देशपातळीवर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचे पुरस्कार १६ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय पत्रकार दिनाशी जोडलेले आहेत आणि त्यांत ग्रामीण पत्रकारितेचा गट असतो. मुंबई प्रेस क्लबचे ‘रेडइंक’, स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीनं केलेल्या कामासाठी ‘लाडली’, महिला पत्रकारांसाठी चमेली देवी जैन पुरस्कार, कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’चा ग्रामीण वार्तांकनाचा पुरस्कार, हे सगळे बघून ठेवा. रामनाथ गोएंका पुरस्कार २००६पासून दिले जातात. त्यांत प्रादेशिक भाषांचा गट आहेच, पण पुणेकर बातमीदारानं आवर्जून पाहावा असा आणखी एक आहे. त्यातला नागरी पत्रकारितेचा पुरस्कार प्रकाश कर्दळे यांच्या स्मरणार्थ आहे. कर्दळे पुण्यात ‘इंडियन एक्सप्रेस’चे निवासी संपादक होते आणि माहिती अधिकाराच्या चळवळीतले आघाडीचे कार्यकर्ते. रस्ते, पाणी, कचरा, नदी, टेकड्या या विषयांना राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतःची जागा आहे आणि ती पुण्याच्या एका संपादकाच्या नावानं आहे. ‘नुसती वॉर्डातली बातमी’ म्हणून स्वतःचं काम बाजूला ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कोणत्या पुरस्काराला हात लावायचा नाही

अर्ज न करता ‘आपली निवड झाली आहे’ असा फोन आला तर आधी परीक्षकांची नावं विचारा. नावं सांगता येत नसतील तर विषय तिथेच संपवा. निवड झाल्यावर सन्मानचिन्हाचा खर्च, भोजनाचे पास, स्मरणिकेत अर्ध्या पानाची जाहिरात असं काही मागितलं जात असेल तर तो पुरस्कार नव्हे, विक्री आहे. प्रवेशशुल्क मात्र आपोआप वाईट ठरत नाही. अमेरिकेतला पुलित्झरसुद्धा प्रवेशशुल्क घेतो. पैसे निवडीआधी सगळ्यांकडून सारखे घेतले जातात की निवडीनंतर फक्त विजेत्याकडून, यावरून काय ते समजतं.

प्रायोजकाचं नावही बघा. तुम्ही बांधकाम परवानग्यांचं बीट पाहता आणि पुरस्काराच्या फलकावर बांधकाम व्यावसायिकाचं नाव असेल, किंवा तुम्ही शिक्षण पाहता आणि देणारा शिक्षणसंस्थाचालक असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. वाचकाला ते नातं दिसतं. तुमच्या पुढच्या प्रत्येक बातमीवर त्याची सावली पडते. नाही म्हणणं अवघड जात असेल तर संपादकांना लेखी कळवून त्यांचा निर्णय घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांच्या विजेत्यांच्या बातम्या शोधून वाचणं हा आणखी एक सोपा उपाय. ज्या पुरस्काराच्या विजेत्या बातम्या कुठेच वाचायला मिळत नाहीत, त्याच्या मागे लागू नये.

विषय जानेवारीतच धरा

पुण्यात विषयांची ददात नाही. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कर आला, हद्द आली, पण रस्ता, ड्रेनेज आणि पाणी यांचं काय झालं? जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं देशभर पोहोचली, कॅमेरे आले आणि गेले. पण ग्रामपंचायतीची विहीर महापालिकेकडे आल्यावर तिच्या पाण्याचं शुद्धीकरण कोण करतं, तपासणीचे अहवाल कुणाकडे असतात, हे प्रश्न रोज त्या गावांतून फिरणाऱ्या बातमीदाराचे आहेत. उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथल्या शहराच्या कचरा डेपोचंही तसंच. शिवाय मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेत प्रशासक आले तो काळ आठवा. मुख्य सभेत प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. अशा काळात फाइल वाचणारा बातमीदार हाच नागरिकांचा शेवटचा आधार असतो. प्रशासकांच्या काळात मंजूर झालेली कामं आजही तपासण्याजोगी आहेत.

विषय निवडताना तो एका प्रश्नात मांडून पाहा. ‘समाविष्ट गावांतली पाणीटंचाई’ हा विषय झाला. ‘अमुक गावासाठी महापालिका ज्या टँकरचे पैसे देते ते टँकर तिथे पोहोचतात का?’ हा प्रश्न झाला. प्रश्न असा असला की कुठले कागद लागतील ते आपोआप ठरतं. निविदा आणि कामाचा आदेश, टँकर भरण्याच्या केंद्रावरची नोंदवही, ठेकेदाराची बिलं, बिलं मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची टिपणी, आणि गावातल्या पाच-सहा सोसायट्यांनी स्वतः ठेवलेल्या नोंदी. या पाच गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्यावर जे दिसेल ती तुमची बातमी. काहीच गैर दिसलं नाही तर तेही लिहा. व्यवस्था नीट चालते हे कागदांनिशी सांगणारी बातमी दुर्मिळ आहे.

कागद मिळवण्याचे मार्ग सांगतो. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. अर्ज स्वतःच्या नावानं, नागरिक म्हणून करा. वर्तमानपत्राच्या लेटरहेडवर नको. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीच्या छायांकित प्रती’ असं नेमकं मागा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतः जाऊन फाइल पाहणं. सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत आधी सुरू झाली, आणि २०१८मध्ये राज्य शासनानं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना तसं करायला सांगितलं. फाइलमध्ये बिलाच्या मागे कनिष्ठ अभियंत्यानं पेन्सिलीनं लिहिलेला शेरा असू शकतो. कोणता कागद मागायचा हे माहीत नसताना तो अर्ज करून मिळत नाही, फाइल उलटताना सापडतो. वही न्या, पान क्रमांक टिपून घ्या, मग त्याच पानांच्या प्रती मागा.

गावाकडे काम करणाऱ्यांनी ग्रामसभा सोडू नयेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. ध्वजवंदनाचा फोटो पाठवून निघून येण्यापेक्षा सभेत कोणता ठराव झाला आणि कोणता होऊ दिला नाही हे लिहून घ्या. एसटीचे चालक-वाहक, आशा सेविका, ग्रामसेवक, रेशन दुकानदार यांच्याशी कामापुरती ओळख पुरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. डोंगरातल्या बातमीला अशी माणसं लागतात.

जुन्या अंकांचाही उपयोग करा. मुठेच्या पूररेषेवर लिहिणाऱ्यानं १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरानंतरच्या आठवड्यांतले अंक पाहिलेले असले पाहिजेत. केसरीवाड्यातलं ग्रंथालय, गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि तुमच्या स्वतःच्या दैनिकाचं संदर्भ दालन, असा क्रम लावा. आज ‘पहिल्यांदाच’ म्हणून छापली जाणारी गोष्ट कधी कधी तीस वर्षांपूर्वीच्या अंकात सापडते, आणि तेव्हा दिलेलं आश्वासनही. ते आश्वासन तारखेसह बातमीत आलं की बातमीचं वजन वाढतं.

पुरावा त्याच दिवशी जपा

पुष्कळ चांगल्या प्रवेशिका इथे कच्च्या पडतात. बातमी छापून आली त्याच दिवशी पुढच्या गोष्टी करा.

पूर्ण पान जपा, फक्त कात्रण नको. पानावर दैनिकाचं नाव, तारीख, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक दिसला पाहिजे. शहर आवृत्तीत बातमी चार कॉलम आणि डाक आवृत्तीत, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकात, एक कॉलम असं होतं. कधी डाकेत सविस्तर येते आणि शहरात चौकट होते. दोन्ही ठेवा. ई-पेपरची पानं डाउनलोड करून ठेवा, कारण जुने अंक कायम उघडे राहतीलच याची खात्री नसते. पोर्टलवर काम करत असाल तर दुव्याबरोबर पानाची पीडीएफही ठेवा. संकेतस्थळ बदललं की दुवा मरतो. आकाशवाणीसाठी बातमी केली असेल तर बातमीपत्राची तारीख, वेळ आणि ध्वनिफीत. मूळ कॉपी, म्हणजे डेस्कवर संपादनासाठी जाण्याआधीची, वेगळी जपा. काटछाटीत गेलेला पुरावा परीक्षकांना दाखवता येत नाही, पण पाठपुराव्याला उपयोगी पडतो.

बायलाइनचा, म्हणजे बातमीवर बातमीदाराचं नाव छापण्याचा, प्रश्न मोठा आहे. तालुक्याच्या बातम्या अजूनही ‘प्रतिनिधी’, ‘वार्ताहर’, ‘वृत्तसेवा’ अशा नावांखाली जातात. अशी बातमी तुमचीच आहे, हे संपादकांच्या किंवा वृत्तसंपादकांच्या सहीच्या पत्रानं सिद्ध करावं लागतं. ते पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी मागू नका. महत्त्वाची बातमी झाली की त्याच महिन्यात, माणसं त्याच खुर्च्यांवर असताना, घेऊन ठेवा. मुक्त पत्रकारांनी मानधनाच्या पावत्या आणि संपादकांशी झालेला ईमेल जपावा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. शहरातल्या बातमीदाराच्या नावानं छापलेल्या कित्येक बातम्यांचा कणा तालुक्याच्या वार्ताहरानं उभा केलेला असतो. त्यानं माणसं गाठून दिलेली असतात, गाडीवर मागे बसवून वाड्यावस्त्या दाखवलेल्या असतात, आणि बातमी छापल्यावर त्याचे परिणाम गावात राहून त्यालाच सोसायचे असतात. प्रवेशिकेत त्याचं नाव सहलेखक म्हणून घाला. छायाचित्रकाराचंही घाला. नियमात एकच नाव बसत असेल तर टिपणात त्यांनी काय केलं ते स्पष्ट लिहा. पुरस्काराची रक्कम कशी वाटायची, हेही अर्ज करतानाच ठरवून घ्या.

काय पाठवायचं

पाच सुट्या बातम्यांपेक्षा एका प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या तीन बातम्या पाठवा. नियमात एकच बातमी मागितली असेल तर सगळ्यात जास्त गाजलेली देऊ नका. जी वाचून पूर्ण चित्र समजतं ती द्या. परीक्षकांसमोर गठ्ठा असतो. पहिल्या दोन परिच्छेदांत त्यांना माणूस, जागा आणि प्रश्न दिसला पाहिजे.

सोबतचं टिपण एका पानाचं असावं. मी त्यात चार गोष्टी बघतो. प्रश्न काय होता. माहिती कशी मिळवली आणि किती अडथळे आले. ज्यांच्यावर आरोप होता त्यांचं म्हणणं कसं आणि कधी घेतलं. बातमीनंतर काय झालं.

चौथ्या मुद्द्यावर बहुतेक जण घसरतात. ‘बातमी प्रसिद्ध होताच एकच खळबळ उडाली आणि प्रशासन खडबडून जागं झालं’ हे वाक्य परीक्षकांनी हजारदा वाचलेलं असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी, टँकरचंच उदाहरण पुढे नेऊ, असं लिहा :

‘पहिली बातमी ४ मार्चला प्रसिद्ध झाली. ११ मार्चला पाणीपुरवठा विभागानं प्रत्येक फेरीवर सोसायटीच्या प्रतिनिधीची सही घेण्याचा आदेश काढला. प्रत सोबत आहे. मेअखेर आम्ही तीन गावांत जाऊन पाहिलं. दोन ठिकाणी सह्या घेतल्या जात होत्या, तिसऱ्या ठिकाणी नाही. त्यावरची बातमी २ जूनची आहे. ठेकेदाराच्या बिलांची तपासणी अजून पूर्ण झालेली नाही.’

ही काल्पनिक टिपणी आहे, पण तिचा बाज बघा. तारीख आहे, कागद आहे, परत जाऊन पाहिल्याचं आहे आणि जे झालं नाही तेही सांगितलं आहे. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीचा उल्लेख केल्यानं गुण कमी होतील ही भीती सोडून द्या. तुमच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो तो त्यामुळेच. बातमीचा काहीच परिणाम झाला नसेल तर तसं एका वाक्यात लिहा आणि बातमी का आवश्यक होती ते सांगा. आमदारांनी फोन केला, मान्यवरांनी अभिनंदन केलं, समाजमाध्यमांवर इतके व्ह्यूज आले, हे गाळा.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक कागदावरून नजर फिरवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा बालकाची ओळख पटेल असा तपशील बातमीत असेल तर ती प्रवेशिका पाठवायचीच नाही. मुळात ती तशी छापायलाच नको होती, कायद्यानंही मनाई आहे. ज्यांनी विश्वासानं कागद दिले त्यांची नावं, मोबाइल क्रमांक, सह्या, रुग्णांच्या केसपेपरवरचे पत्ते काळे करा. प्रवेशिका किती जणांच्या हाती जाणार आहे हे तुमच्या ताब्यात नसतं.

इंग्रजी टिपण लागणाऱ्या पुरस्कारांसाठी भाषांतर स्वतः करा किंवा बातमी समजलेल्या माणसाकडून करून घ्या. गायरान, सातबारा, कोतवाल, पाणंद रस्ता हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ एका ओळीत द्या. ओढूनताणून प्रतिशब्द शोधला की गावचा कारभारच परीक्षकांना कळेनासा होतो. मथळ्यातल्या कोट्या मात्र भाषांतरात सोडून द्याव्यात. छायाचित्र पाठवणार असाल तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल जवळ ठेवा, रंग आणि कडा यांपलीकडे काही बदललं असेल तर पाठवू नका, आणि छायाचित्राखालच्या ओळीत दिवस, गाव आणि घटना लिहा. दूरचित्रवाणी किंवा यूट्यूबवरच्या कामात सुरुवातीचं संगीत आणि चॅनेलची जाहिरात काढून थेट बातमीपासून सुरू होणारी प्रत द्या.

शेवटी सगळा संच एखाद्या बाहेरच्या माणसाला वाचायला द्या. तुमच्या बीटबद्दल काही माहीत नसलेली आतेबहीण किंवा खोलीतला मित्र चालेल. त्यांना जिथे ‘म्हणजे काय?’ असं विचारावंसं वाटेल तिथे टिपणात एक वाक्य वाढवा. पोहोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका आणि पोहोचेवरचा क्रमांक फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

अर्ज दिल्यानंतर

निकालाला वेळ लागतो, शासकीय पुरस्कारांना तर पुष्कळच. मधल्या काळात ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या १८३२मधल्या पहिल्या अंकाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पत्रकार दिनाला, जिल्ह्यात ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. तिथे जा, विजेत्यांना भेटा आणि त्यांनी बातमी कशी केली ते विचारा. हार-तुरे आटोपल्यावर लोक मोकळेपणानं बोलतात. निवड झाली नाही तर परीक्षकांपैकी कुणाला तरी शांतपणे विचारा, काय कमी पडलं. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात ते खरं सांगतात. तीच बातमी नियमात बसत असेल तर दुसऱ्या पुरस्काराला पाठवायलाही हरकत नाही.

पुरस्कार मिळाला तर पहिला फोन ज्यांनी दार उघडून तुमच्याशी बोलायचं धाडस केलं त्यांना करा, आणि अंकाची प्रत नेऊन द्या. रोख रक्कम मिळाली तर त्यातून माहिती अधिकाराच्या प्रतींचा खर्च काढा. पानाला दोन रुपये म्हटले तरी वर्षाचा आकडा मोठा होतो आणि तो बहुतेकदा बातमीदाराच्याच खिशातून गेलेला असतो.

पुरस्कार मिळो न मिळो, चालू बातमीच्या अपिलांच्या तारखा चुकवू नका. माहिती नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं आणि त्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. या तिन्ही तारखा अर्ज देतानाच कॅलेंडरवर लिहून टाका आणि बातमीदार बदलला, रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला तरी त्या चुकणार नाहीत म्हणून बीटवरच्या दुसऱ्या सहकाऱ्यालाही देऊन ठेवा.